सुधा, तुझ्या घराची तारीख लागली

सुधा, काल सकाळी तुझ्या घरासाठी फोन आला. फॉर्मवर संपर्काला नंबर माझा दिलेला, म्हणून इथे पिनर गावात माझ्याकडे आला. घरात ऊब टिकावी म्हणून इन्सुलेशन करणाऱ्या कंपनीतली कोणी गोड आवाजाची मुलगी. म्हणाली, गुड न्यूज आहे, तुमच्या मैत्रिणीच्या घराची तारीख लागली, मार्चचा दुसरा आठवडा. तेवढा माळा रिकामा करून ठेवायला सांगा, आणि भिंतींना लागून असलेलं फर्निचर जरा पुढे ओढायला सांगा. मी विचारलं, किती दिवसांचं काम? ती म्हणाली, चार. मी म्हटलं, बरं, सांगते तिला.

सांगते तिला! तुला जाऊन नऊ दिवस झाले होते, आणि मी त्या मुलीला म्हणाले, सांगते तिला. खरं सांगायला जीभच रेटली नाही गं.

तुझी स्वतःची तारीख मात्र अजून लागायचीय. आपल्याकडे सकाळी माणूस गेलं की संध्याकाळच्या आत सगळं आटोपतं. इथे क्रिमेटोरियमलासुद्धा रांग. तुझा निखिल सिडनीहून येऊन लीड्सला तुझ्या घरात बसलाय, रोज फ्युनरलवाल्यांना फोन करतोय आणि ते म्हणतायत, अजून आठवडा तरी धरा. तोवर तुला कुठे ठेवलंय ते मला माहीत आहे. तिथे किती गार असतं तेही तूच मला एकदा सांगितलं होतंस, उभा जन्म नर्स म्हणून काढलास ना. मी त्याचा विचार करणार नाही असं रोज ठरवते, आणि दिवसातून दहादा तोच विचार करते.

मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर चार शब्द दे म्हणून लोक मागे लागलेत. जन्म कुठला, शिक्षण किती, इंग्लंडला कधी आली. ते निखिल देईल लिहून. मला तुझ्याशी भांडण पुरं करायचंय. अर्धवट टाकून गेलीस.

तू कशी राहतेस ते मला गेल्या वर्षी जानेवारीत कळलं. हे गेल्यावर मी लीड्स सोडून मुलाकडे पिनरला आले, त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून आपलं सगळं फोनवर, आणि फोनवर तुझं घर कायम 'एकदम छान' असायचं. मग चार दिवस राहायला आले. दार उघडलंस तेव्हा तुझ्या अंगात दोन कार्डिगन, वर शाल, पायात तुझ्या गेलेल्या नवऱ्याचे, मधुकररावांचे लोकरी मोजे आणि डोक्याला माकडटोपी. मी म्हटलं, "काय गं, महाबळेश्वरला निघालीस की काय?" तू म्हणालीस, "आधी आत ये आणि दार लाव, वारा येतोय." दार लावलं. वारा येतच होता.

खिडक्या बंद आणि पडदे हलतायत. मागच्या दाराखाली तू जुन्या सुती साडीची गुंडाळी करून खोचलेली, पत्र टाकायच्या फटीत पायमोजा. वरच्या मागच्या खोलीत छतापासून काळी बुरशी उतरलेली आणि ती दिसू नये म्हणून तिच्यापुढे कपाट ओढलेलं. इडलीचं पीठ तीन दिवस झाले तरी फुगेना, शेवटी तू त्याचे डोसे घातलेस आणि म्हणालीस की मला डोसेच करायचे होते. माझ्यासाठी म्हणून हीटिंग दिवसभर लावलंस. पण त्या जुन्या घरांच्या भिंती सलग विटांच्या, मध्ये पोकळी नाही, वर माळा उघडा. लावलेली ऊब तासाभरात रस्त्यावर. निखिलशी व्हिडिओवर बोलताना तू टोपी काढायचीस आणि हॉलमधल्या त्या एका धड भिंतीला टेकून बसायचीस. जिना चढताना निम्म्यात थांबून भिंतीवरचा फोटो सरळ करायचीस. फोटो सरळच होता, सुधा. तुला श्वास घ्यायला थांबावं लागत होतं.

घरी परतले ती डोक्यात एकच घेऊन: पुढच्या थंडीच्या आत हिचं घर उबदार झालं पाहिजे, नाहीतर ही छाती टिकायची नाही. माहिती काढली. असल्या जुन्या घरांना सरकारी योजनेतून मदत मिळते. माणसाचं उत्पन्न कमी असेल, किंवा थंडीने बळावणारा आजार असेल, तर माळ्यावर जाड थर घालून देतात, भिंतींना आतून फळ्या मारतात, दारं-खिडक्यांच्या फटींना पट्ट्या लावतात. बावीस वर्षं मी सल्ला केंद्रात बसून लोकांचे असलेच फॉर्म भरले. पंजाबी, बंगाली, गोरे, सगळ्यांचे. पण तुझा भरताना मला घाम फुटला.

"कमी उत्पन्न?" तू फोनवर म्हणालीस. "मला पेन्शन आहे, शालू."

"आहे गं. पण ती त्यांच्या हिशेबात कमीच आहे. मी खूण करते."

"करू नकोस. आणि आजाराच्या तिथे काय लिहिलंस?"

"दमा. श्वासाचा त्रास."

"मला दमा नाही. मी नर्स आहे की तू? मला जिना तेवढा चढवत नाही."

"मग काय गुडघ्यातून शिट्ट्या वाजतात तुझ्या?"

तू हसली नाहीस. म्हणालीस, हे गेले तेव्हासुद्धा मी कोणापुढे हात पसरला नाही, आता म्हातारपणी तू मला मंदिराबाहेर वाटी घेऊन बसव. मी म्हटलं, अगं भीक नाही ती, टॅक्स भरलायस जन्मभर, तुझंच आहे ते. तू म्हणालीस, ज्यांना खरंच गरज आहे त्यांना मिळू दे. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "मग मर तिथेच कुडकुडत!" आणि फोन आपटला.

आपण आयुष्यभर एकमेकींना 'मर मेले' म्हणत आलो. त्याचं काही नाही, असं मी आता स्वतःला सांगते. रोज सांगावं लागतं, म्हणजे असणार काहीतरी.

फॉर्म मी तुला न विचारता पाठवून दिला. पाहणीची तारीख आली, मार्चमधली. त्या दिवशी मी यायचं ठरलं होतं, तिकीटही काढलं होतं. आणि आले नाही. म्हटलं, हिला एवढा ताठा आहे ना, घेऊ दे एकटीला निस्तरून. तिकीट तसंच वाया गेलं.

संध्याकाळी तुझाच फोन. आवाजात काय आनंद! "छान झालं हो सगळं," म्हणालीस. सर्व्हेअर बाबा चांगला माणूस होता, पन्नाशीचा, बूट दाराशी काढून आला. दोन दिवस आधीपासून हीटिंग फुल लावून ठेवलं होतं. वरच्या खोलीतली बुरशी ब्लीचने घासून काढली आणि उरलेल्या पांढऱ्या रंगाचा हात फिरवला. दाराखालची साडी काढून कपाटात टाकली, इनहेलर ड्रॉवरमध्ये. सोफ्यावर चांगली चादर, अंगात ती मोरपंखी साडी, एकच कार्डिगन. पोहे केले, मिरची कमी घालून. "दोनदा घेतले गं त्याने!"

मी विचारलं, "आणि त्याने काही विचारलं की नाही?"

"विचारलं ना. म्हणाला, घरात थंडी वाजते का? मी म्हटलं, नो नो, व्हेरी कम्फर्टेबल. तब्येत कशी? म्हटलं, फर्स्ट क्लास."

मी डोक्याला हात लावून बसले. जूनमध्ये पत्र आलं: घर पुरेसं उबदार आढळलं, ओल दिसली नाही, राहणाऱ्या बाईंना आजार नाही, सबब अर्ज मंजूर नाही. त्या बिचाऱ्याने जे दिसलं ते लिहिलं. त्याचं काय चुकलं? पोट भरून पोहे खाऊन तो गेला.

त्या दिवशी मी तुझ्यावर जेवढी ओरडले तेवढी पोटच्या पोरावरही कधी ओरडले नसेन. म्हटलं, मूर्ख आहेस तू, तो घर बघायला आला होता, मुलगी बघायला नव्हे! तू ऐकून घेतलंस सगळं. मग शांतपणे म्हणालीस, "घरी आलेल्या माणसाला थंडीत बसवू, शालू?"

बावीस वर्षं मी काउंटरच्या या बाजूला बसून लोकांना बजावत आले, तपासणीला माणूस येईल तेव्हा घर आवरू नका, आहे तसं दाखवा. आपल्या माणसांना तर दोनदा सांगायचे, कारण आपलं मला ठाऊक होतं. दारात पाहुणा म्हटला की झाकपाक सुरू. घरात काय जळतंय ते चार लोकांत बोलायचं नाही. तुझ्या घरी त्या दिवशी मी असते तर ड्रॉवर उघडून इनहेलर त्याच्या हातात दिला असता, कपाट सरकवून नव्या रंगाखालची ओली भिंत दाखवली असती. पण खरं सांगू, पोह्यांवर ओलं खोबरं कमी पडलं म्हणून तुला रागावलेही असते. आपण दोघी एकाच माळेचे मणी.

सप्टेंबरमध्ये मी पुन्हा आले. भांडण मिटवायला नाही, तुला हाताला धरून जीपीकडे न्यायला. डॉक्टरच्या पत्राशिवाय दुसरा अर्ज उभा राहणार नव्हता. वाटेत तू म्हणत होतीस, मी काय सांगायचं ते सांगेन, तू मध्ये बोलायचं नाहीस. मला वाटलं, झालं, पुन्हा 'फर्स्ट क्लास'. ती डॉक्टरीण निखिलपेक्षा लहान असेल. तिने स्टेथोस्कोप लावला, ऐकलं आणि घर कसं आहे म्हणून विचारलं. तू पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत बसलीस. मग खाली बघून इंग्लिशमध्ये म्हणालीस, मला थंडी वाजते, डॉक्टर. मला सारखी थंडी वाजते. अंथरुणात पण वाजते.

एवढ्या वर्षांत हे तू मला नव्हतं सांगितलंस गं. परक्या मुलीला सांगितलंस. मराठीत तुझ्या तोंडून ते निघालंच नसतं.

बाहेर आल्यावर तू बेकरीतून मला चीज स्कोन घेऊन दिलास आणि आपण त्या डॉक्टरिणीच्या कानातल्यांबद्दल बोलत बस स्टॉपवर उभ्या राहिलो. अर्ज या खेपेला मंजूर झाला. माळा, भिंती, फटी, सगळं. फक्त रांग मोठी आहे, म्हणाले, वसंतापर्यंत नंबर लागेल. मी दर आठवड्याला फोन करत होते. तूच म्हणायचीस, कशाला त्यांना त्रास देतेस, माझ्याहून म्हातारी माणसं असतील रांगेत.

या जानेवारीत छातीत कफ साठला आणि तुला हॉस्पिटलमध्ये हलवलं. ज्या हॉस्पिटलात तू तीस वर्षं लोकांच्या चादरी ताणल्यास तिथेच. मी आले तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. तो बाजूला करून पहिलं काय बोललीस? "किती उबदार आहे गं इथे." हात बाहेर काढून दाखवलास मला, उघडा दंड, स्वेटर नाही, शाल नाही. "बघ, हाफ बाह्यांचा गाऊन!" लहान मुलीसारखी खूश होतीस. तिथल्या पोरी चांगल्या होत्या, तुला सिस्टर म्हणायच्या. मी जवळ बसून हसले तुझ्याबरोबर. मग बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले. मरायला टेकलेल्या बाईला मरणाच्या खाटेवर ऊब मिळावी, याचा आनंद मानू की राग धरू, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि सुधा, ज्याचं ऋण कधी बोलूनच दाखवलं नाही ते आता बोलते. समीर झाला तेव्हा लीड्सला मला कोण होतं? आईला व्हिसा मिळाला नाही. डिसेंबरचा महिना, बाहेर बर्फ, आणि मी चोवीस वर्षांची, दूध येत नाही म्हणून रडतेय. तू सबंध रात्रीची ड्यूटी करून सकाळी बसने थेट माझ्याकडे यायचीस. बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचीस, मग मला. शेगडी कुठली त्या फ्लॅटमध्ये! तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून छातीला, पाठीला, पोटाला शेकायचीस. कानाला फडकं बांध, बाळंतिणीला गारवा लागता कामा नये, म्हणून दटावायचीस. सव्वा महिना. स्वतः झोपायचीस कधी, मी विचारलंसुद्धा नाही. तेव्हा वाटायचं, मैत्रीण आहे, करणारच. आज कळतं, कोणी कोणाचं एवढं करत नाही.

आज सकाळी त्या कंपनीला मी परत फोन लावला. कालचीच मुलगी. खरं काय ते सांगितलं. ती बिचारी सॉरी म्हणाली, आणि विचारलं, फाइल बंद करू का? घर आता विकणार आहेत का, नवीन माणसांनी अर्ज केला तर वगैरे. मी म्हटलं, करा बंद.

सून शेजारीच उभी होती, तन्वी. तिचा जन्म इथला, तुला माहीत आहे ना, तोडकंमोडकं बोलते पण मनाने सरळ. चहाचा कप माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "आई, पण सुधामावशी विंटरमध्ये इकडे का नाही राहिली?"

"इकडे म्हणजे कुठे?"

"वरचा रूम आहे ना. माझा ऑफिस. नुसता डेस्क आहे तिथे. मी खाली टेबलवर काम केली असती." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही विचारलं का नाही मला? मी हो म्हटली असती."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, सुधा. टोमणा असता तर बरं झालं असतं.

विचारलं नाही. कारण मीच इथे मुलाच्या घरात कोपरा धरून राहते असं मला वाटतं. कोणी तसं वागवत नाही, पण वाटतं. त्यात आणखी एक खोकणारी म्हातारी आणून बसवली तर माझा कोपरा जाईल, या भीतीने विचारलं नाही. दोन अर्ज केले, पत्रं जमवली, दर आठवड्याला फोन केले, तुझ्यावर ओरडले, त्या सर्व्हेअरला शिव्या दिल्या. एवढा आटापिटा केला तो 'ये माझ्याकडे' हे म्हणावं लागू नये म्हणून.

आणि तुला ते कळलं होतं. नोव्हेंबरमधला तो फोन. तुझ्याकडे दंव पडलं होतं. तू विचारलंस, "तुमच्याकडे गरम असेल नाही गं?" मी म्हटलं, हो बाई, इतकं गरम की कधीकधी खिडकी उघडावी लागते. मग तू काही बोलली नाहीस. फोन चालू होता, तुझा श्वास ऐकू येत होता. तू थांबली होतीस. मी म्हटलं, बरं, ठेवते आता, कणीक मळायचीय.

त्या दिवशी आमच्याकडे बाहेरून पिझ्झा मागवला होता, सुधा.